पोटाखालचं हिरवं

नाव: लेखी मागणी केल्यास कळवण्यात येईल. वय: बासष्ट पूर्ण. उंची: मध्यम, स्वतःच्या अंदाजाने त्याहून दोन बोटं जास्त. बांधा: खुर्चीला साजेसा. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशाला काळ्या दोरीने अडकवलेलं भिंग. शिक्षण: कामापुरतं. पूर्वीचा हुद्दा: वरिष्ठ तपासनीस, काचेच्या बाटल्यांचा कारखाना, अंतिम तपासणी विभाग, अखंड सेवा एकतीस वर्षे. सध्याचा हुद्दा: मानद आरोग्य सल्लागार, गोड्या पाण्यातील शोभिवंत कोळंबी. कार्यक्षेत्र: अमर्याद. नेमणूक करणारा अधिकारी: स्वतः. वर्तणूक: समाधानकारक, म्हणजे स्वतःचं समाधान होईल अशी.

एकतीस वर्षं हा गृहस्थ एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर बसला. पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या आणि त्याने तडा, बुडबुडा किंवा वाकडी मान दिसली की बाटली उचलून डाव्या हाताच्या पिंपात टाकायची. पहिली सहा वर्षं त्याला प्रत्येक बाटली पाहावी लागली. मग बढती मिळाली. वरिष्ठ तपासनिसाने प्रत्येक बाटली पाहायची नसते. शंभरातली एक उचलायची, भिंगाखाली फिरवायची, ती ठीक निघाली की सगळ्या खोक्यावर शिक्का मारायचा. बाटल्यांच्या बाबतीत ही पद्धत चांगलीच आहे. बाटल्या एका साच्यातून निघतात, आणि एका बाटलीचा तडा शेजारच्या बाटलीला लागत नाही.

या माणसाने त्यावरून निष्कर्ष काढला की जग शंभराच्या खोक्यात येतं. बायकोच्या चार भावांपैकी एक जुगारी निघाला, तेव्हा त्याने उरलेले तिघेही नापास केले. त्यांतला एक शाळामास्तर होता आणि एक वारलेला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने जिन्यात वाट दिली नाही, म्हणून ती इमारत त्याच्या लेखी कायमची उद्धट. कोणी हटकलंच, तर तो म्हणायचा, "शितावरून भाताची परीक्षा." म्हण बरोबर आहे. पण भात शिजून मेलेला असतो, आणि एक शीत दुसऱ्याला रोग देत नाही, एवढं म्हणीत सांगायचं राहून गेलं आहे.

निवृत्तीनंतर पहिले आठ महिने त्याने घरातले ग्लास तपासले. मग बायकोने एके दिवशी शांतपणे सांगितलं की आता घरात फक्त स्टीलचं राहील. त्यामुळे माणूस मोकळा झाला आणि कोळंबीकडे वळला.

कोळंबीचा मूळ नाद त्याच्या भाचीचा. ही त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय तिशीच्या आसपास, काम कृत्रिम दात घडवायचं. दिवसभर ती लोकांच्या उरलेल्या दातांशी नव्या दाताचा रंग जुळवत बसते, त्यामुळे पांढऱ्याच्या बावीस छटा तिला दिव्याशिवाय ओळखता येतात. चार वर्षांपूर्वी तिच्या टाकीतल्या साध्या मातकट कोळंब्यांमध्ये एक पिल्लू किंचित निळसर निघालं. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. तिने ते वेगळं केलं, वाढवलं, त्याच्या पिल्लांतली सगळ्यात गडद निवडली, त्यांच्या पिल्लांतली पुन्हा निवडली; आणि चार वर्षांत तिच्याकडे शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारख्या निळ्या कोळंब्यांची एक टाकी झाली. बोटाच्या एका पेराएवढा जीव. अशा निळ्या कोळंब्या कुठल्या दुकानात नव्हत्या. त्या एकाच टाकीत होत्या, आणि ती टाकी गेली असती तर पुन्हा मातकटापासून सुरुवात.

मामाने ही टाकी दोनदा पाहिली, तिसऱ्या दिवशी फोनवरच्या कोळंबीप्रेमींच्या गटात शिरला, आणि आठवड्याच्या आत आरोग्य सल्लागार झाला.

सल्ल्यासाठी त्याने तक्ता छापून घेतला: 'कोळंबीच्या प्रकृतीची लक्षणे', चौदा कलमी, वरून प्लास्टिकचं आवरण. तक्ता अगदी अचूक होता, कारण भाचीच्या वहीतून उतरवलेला होता. निरोगी कोळंबी दिवसभर पुढच्या हातांनी काहीतरी वेचून खात असते. एखादी कोपऱ्यात हात जोडून बसली, तर तिच्याकडे लक्ष द्यावं. अंग आरपार दिसायचं ते दुधाळ झालं, तर वाईट. मानेमागे पांढरी रेघ गोल फिरली, तर कवच चुकीच्या जागी फाटतंय, फार वाईट. नाकाडावर कापसासारखं काही, कपाळावर पांढरे बारीक धागे, एकाएकी उडालेला रंग, उताणं पडून पाय झाडणं. चौदाही कलमं त्याला पाठ होती. फक्त टाकीसमोर वाकायची सवय नव्हती. तक्ता त्याने घरी डोळ्यांच्या उंचीवर लावला होता, आणि पुढे घरात टाकी आली ती कमरेखाली राहिली. पाहायचं काय, हे त्यातून ठरलं.

त्याचं पहिलं जाहीर निदान चौकातल्या सलूनमध्ये झालं. सलूनवाल्याने खिडकीत एक टाकी ठेवली आहे. खुर्ची रिकामी होईपर्यंत गिऱ्हाईक तिच्याकडे बघत बसतं. आपले सल्लागार साहेब दाढीला गेले, खडीवर एक पांढुरकं, निश्चल अंग पडलेलं दिसलं, आणि त्यांनी भिंग लावून जाहीर केलं, "मृत. ताबडतोब बाहेर काढा."

सलूनवाल्याने वस्तऱ्यावरचा साबण पुसला. "साहेब, ती कात आहे."

"अवयव पूर्ण दिसतायत. मिशा सुद्धा आहेत."

"मिशांसकट उतरवतात त्या. रिकामं आहे बघा, आरपार. आतली बाई तिकडे पानाखाली बसलीय, नवे कपडे कडक होईपर्यंत लाजतेय. आणि काढू नका ते. त्याच खातात, अंगाला लागतं त्यांच्या."

दाढीला बसलेला माणूस हसला, त्यामुळे त्याला जरा कापलं. साहेब दाढी न करता परत आले, आणि त्या दिवसापासून कात या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस गटात राहिला नाही. कोणाच्या टाकीत काहीही हललं नाही की यांचं उत्तर तयार: कात आहे, काढू नये, त्याच खातात. माणूस आयुष्यात एक धडा शिकला, तर तो सगळीकडे वापरतो. बरेच धडे शिकलेल्यांना ही सोय नसते.

याच सुमारास भाचीला तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी जायची वेळ आली. दात कोरायचं नवं यंत्र येणार होतं आणि ते शिकायला प्रयोगशाळेने तिलाच निवडलं होतं. टाकी कुठे ठेवायची? सलूनवाला त्याच गटातला; तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे ठेव, मागच्या खोलीत जागा आहे." तिने जवळजवळ हो म्हटलंच होतं. पण ही बातमी मामाला लागली.

"घरात तज्ज्ञ असताना टाकी सलूनमध्ये?" तो बहिणीला फोनवर म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

लोक काहीही म्हणणार नव्हते. लोकांना कोळंबी कुठे राहते याच्याशी घेणंदेणं नसतं. पण बहिणीने मुलीला सांगितलं, "ठेव गं बाई. नाहीतर तो वर्षभर तोंड फुगवून बसेल, आणि ते तोंड मला बघावं लागेल." अशा रीतीने टाकी मामाकडे आली. एकशे एक्कावन्न कोळंब्या. पिशव्यांत भरताना भाचीने मोजल्या होत्या.

जाताना तिने चार गोष्टी सांगितल्या. "मामा, एक, यात नवीन काहीही टाकायचं नाही. पान नाही, गोगलगाय नाही, काही नाही. दोन, रोज खाली बसून त्यांच्या पोटाखाली बघायचं. तीन, बाजूला बसणारी दिसली की वेगळ्या भांड्यात. चार, शंका आली की मला फोन. ही एकच टाकी आहे मामा. दुसरी नाही माझ्याकडे."

"अगं, तू निश्चिंत जा," मामा म्हणाला. "चौदा कलमं भिंतीवर आहेत."

दुसऱ्या आठवड्यात तो पाच नव्या कोळंब्या घेऊन आला.

बायको भाजी निवडत होती. तिने पिशवीकडे पाहिलं. "हे काय आणि?"

"पाच माद्या. रंग जुळवून आणल्यात. गाभण आहेत."

"गाभण? गाई आहेत का त्या?"

"पोटाखाली अंडी आहेत. हे हिरवं दिसतंय ना, ती अंडी. दुकानदाराने स्वतः दाखवलं."

"दुकानदाराने स्वतः मला तवाही दाखवला होता. म्हणाला चिकटत नाही. पोरगी म्हणाली होती ना, नवीन काही टाकू नका म्हणून?"

"ते सर्वसाधारण माणसासाठी सांगितलं. ताजं रक्त लागतं, नाहीतर वंश खुंटतो. परत येईल तेव्हा दुप्पट झालेल्या असतील."

"तुमच्या ताज्या रक्ताने रंग बिघडला तर? चार वर्षं निवडतेय ती."

"तू भाजी निवड," तो म्हणाला आणि पिशवी टाकीत उलटी केली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या माणसावर अन्याय होईल. आणि तो होऊ न देण्याइतकं साहित्य त्याने स्वतःच पुरवलेलं आहे. निळ्या कोळंबीची खरी अंडीही हिरवटच असतात. मादी ती पोटाखालच्या पायांमध्ये धरून महिनाभर वागवते. त्यामुळे पोटाखाली हिरवं दिसलं आणि अंडी वाटली, ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. पण बाकीच्यांच्या हातून ती एका कोळंबीबाबत होते.

पाचव्या आठवड्यात टाकीत जिकडेतिकडे हिरवं दिसू लागलं. साहेबांनी भिंग काढलं, जाळीने एक मादी काचेजवळ आणली आणि रीतसर तपासणी केली. योगायोगाने ती भाचीच्याच मूळच्या माद्यांपैकी होती आणि खरोखरच अंड्यांवर होती. गोल, सुटी, एकसारखी अंडी, सव्वीस भरली. मादी पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. नमुना उत्तीर्ण. साहेबांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं, टाकीत हिरवं पोट असलेले बाकीचे सगळे नग उभ्याउभ्याने मोजले आणि गटात लिहिलं: 'अंडीधारी माद्या: त्रेसष्ट. प्रत्यक्ष तपासणीअंती.' सोबत पुरावा म्हणून फोटो. नमुन्याचा फोटो हलला होता, म्हणून त्यांनी दुसऱ्याच एकीचा टाकला.

अभिनंदनांचा पाऊस पडला. फक्त सलूनवाल्याने लिहिलं, 'साहेब, फोटोतला नर आहे.'

साहेबांनी उत्तर दिलं, 'पोटाखाली अंडी दिसत नाहीत का?'

'दिसतंय काहीतरी. पण पोट सरळ आहे, अंग बारीक आहे. नर आहे तो.'

'नराला अंडी असतील, तर आमच्या टाकीत प्रगती जास्त झाली असं समजा. आपण केस कापावेत.'

गटातल्या एकोणतीस जणांनी हसरे चेहरे पाठवले. सलूनवाल्याने पुढे काही लिहिलं नाही. तो खरोखरच केस कापत होता.

भाचीचा रविवारचा फोन आला, चित्रासकट. ती यंत्राच्या कंटाळ्याने जांभया देत होती, पण त्रेसष्ट हा आकडा ऐकून सरळ बसली. "त्रेसष्ट? मामा, एकदम इतक्या कशा? दाखवा बघू जवळून."

मामाने फोन टाकीकडे फिरवला, टाकीवरून भिंतीकडे फिरवला आणि तक्ता दाखवला. "चौदापैकी एकही लक्षण नाही."

"तक्ता नको, पोट दाखवा कोणाचं तरी. अंडी मोजता येतात का? सुटी दिसतात का?"

"सव्वीस."

"सगळ्यांची?"

"अगं, नमुना घेतलाय. तीस दिवसांत पिल्लं. तू यंत्र शिक."

मागून बायकोचा आवाज आला, "यांनी नवीन पाच…" आणि फोन बंद झाला. बंद कसा झाला, याची नोंद कुठेच नाही.

येणाऱ्या पिल्लांसाठी जागा हवी, म्हणून साहेबांनी टाकीतला निकामी माल काढायला घेतला. निकामी म्हणजे ज्यांच्या पोटाखाली हिरवं नव्हतं त्या. सुमार, किरकोळ, पोट रिकामं. जाळीने एकेक पकडून त्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या बादलीत टाकायच्या, असा बेत होता. पण टाकी कमरेखाली, कोळंबी चपळ, आणि पाठ सरकारी नसली तरी निवृत्त. एकोणीस झाल्या आणि कंबरेत चमक भरली. "बाकीच्या राहू देत," ते म्हणाले. "माणुसकी म्हणून."

बायकोला तिची फरशी पुसायची बादली गेल्याचा राग आला. पण बादलीत जीव आहेत म्हटल्यावर तिने टाकीतली थोडी झाडंझुडपं उपटून त्यांच्या अंगावर टाकली. "जा बाई, उन्हाला सावली," म्हणाली. पाणी कमी झालं की ती घागरीतलं आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी ओतायची, कारण किड्यांना ताजं पाणी घालायची तिची तयारी नव्हती. शिळं पाणीच त्यांना मानवतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि चौदा कलमांतही ते नव्हतं. अधूनमधून उकडलेल्या पालकाचं एक पान. एवढीच बादलीची व्यवस्था.

टाकीत मात्र पहिली कोळंबी सहाव्या आठवड्यात पडली. खडीवर, आडवी, गुलाबीसर झालेली, पोटाखाली हिरवा झुबका तसाच.

"अहो, ही मेलीय वाटतं," बायको म्हणाली.

"कात आहे."

"कातीला मांस असतं का?"

"नवीन असताना असतं. काढू नको. त्याच खातात."

आणि त्या खायच्या. दोन तासांत दहा-बारा जणी जमून सगळं साफ करायच्या, हिरव्यासकट. आठवडाभराने त्या दहा-बारांच्या पोटाखाली हिरवं दिसायचं, आणि साहेबांचा आकडा वाढायचा. 'अंडीधारी: अठ्ठ्याहत्तर.' 'अंडीधारी: ब्याण्णव.' टाकीतल्या एकूण कोळंब्या कमी होत होत्या, पण एकूण मोजायची पद्धत नव्हती. पट्ट्यावरून किती बाटल्या गेल्या, हे मोजणारा विभाग वेगळा असायचा.

तिसावा दिवस गेला. पिल्लू नाही. एकतिसावा, बत्तिसावा. गटात कोणीतरी विचारलं. साहेबांनी लिहिलं, 'हवामान.' चाळिसाव्या दिवशी पुन्हा विचारलं. 'पहिलटकरणी आहेत.'

बेचाळिसाव्या दिवशी सलूनवाला दुकान बंद करून दुपारचा दोन जिने चढून आला. साहेब गेल्या दीड महिन्यात दाढीला फिरकले नव्हते, म्हणून साहेबांची दाढी घरी करून द्यावी, असं निमित्त त्याने काढलं होतं. हातात पेटी होती. पेटी त्याने दारातच ठेवली आणि टाकीसमोर उकिडवा बसला. बराच वेळ बसला.

"अंडी मोजून दाखवा साहेब," तो शेवटी म्हणाला.

"मोजलीत. सव्वीस."

"हिची मोजा. ही समोर आहे ती."

साहेब उभेच राहिले. "लहान आहेत."

"मोजता येणार नाहीत, कारण ती अंडी नाहीत. अंडी दाण्यासारखी सुटी असतात. हा झुबका आहे, लोकरीसारखा. आणि आई अंड्यांना सारखा वारा घालते, पोटाखालच्या पायांनी. हिचे पाय हलतात का? गवतात गुंतल्यासारखे अडकलेत. हे अंगात मूळ धरतं, साहेब. मेलेलीला बाकीच्या खातात, आणि खाणारीला लागतं." त्याने बोट काचेवर ठेवलं. "हा नर. हा पण नर. हा पण. इतके नर पोटुशी असते, तर मी सलून बंद करून सुईणीचं काम घेतलं असतं."

आतून बायको हसली. साहेबांना तेवढंच ऐकू आलं.

"तुम्ही दाढी करणार आहात की नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," सलूनवाला म्हणाला, पेटी उचलली आणि जिना उतरला. खाली उतरल्यावर त्याने भाचीला एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ: 'ताई, तुझ्या टाकीतल्या नराला अंडी आलीत.'

भाची दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने आली. प्रशिक्षणाचे पंधरा दिवस बाकी होते. ते तसेच राहिले. तिने दारात चप्पल काढली, मामाला नमस्कार केला नाही, आणि सरळ टाकीसमोर जमिनीवर बसली. पांढऱ्याच्या बावीस छटा ओळखणाऱ्या मुलीला हिरव्याचा एक प्रकार ओळखायला वेळ लागला नाही.

"या पाच कुठल्या?" ती म्हणाली.

मामा चकित झाला. सगळ्या निळ्या होत्या; त्याने रंग जुळवून आणल्या होत्या.

"या माझ्या नाहीत. यांचा निळा पातळ आहे. मामा, कुठून आणल्या?"

"ताजं रक्त…"

"यांच्याबरोबर आलं हे." तिने घड्याळ काढून ठेवलं, बाही वर केली. "किती मेल्या?"

"एकही नाही. कात टाकतायत."

तिने पाण्यात हात घातला आणि खडीवरून एक कात काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती जड होती, ओली होती, आणि तिला वास येत होता. मामाने ती भिंगाखाली धरली. सवय.

"तुम्ही एकदा तरी खाली बसून पाहिलंत का?"

"माझी पाठ…"

ती जाळीने एकेक काचेजवळ आणू लागली. टाकीत हिरवं नसलेली एकही कोळंबी तिला सापडेना. एक सापडली, काचेजवळ आणून बघितलं, तर पायांच्या मुळाशी बारीक ठिपका. तिने ती परत सोडली. तिचे हात थांबले, आणि इतका वेळ कामात असलेला चेहरा एकदम वयाने लहान दिसायला लागला. चार वर्षं. मग ती नाक ओढून म्हणाली, "मामी, एखादं रिकामं भांडं दे. मिठाच्या पाण्यात बुडवून बघते, पण उपयोग नाही व्हायचा."

"भांडं देते," मामी म्हणाली. "बादली मागू नकोस, बादलीत किडे आहेत."

"कसले किडे?"

"यांनी नापास केलेले."

भाची गॅलरीत गेली. मागोमाग मामी, आणि तिच्या मागोमाग, पाठीला हात लावून, मामा. बादलीच्या तळाशी, उपटलेल्या झाडाझुडपांत, पालकाच्या पानाच्या शिरा कुरतडत एकोणीस निळे जीव सगळ्या जगाकडे पाठ करून वेचत होते. वेचत होते, म्हणजे ठीक होते. भाची गुडघ्यांवर बसली.

"श्वास नका सोडू कोणी," ती म्हणाली. हे उगीचच होतं.

तिने चहाच्या गाळणीने एकेक वर घेतली, उजेडात आडवी धरली, पोट पाहिलं, काचेच्या बरणीत सोडली. पहिली नर. दुसरी नर. तिसरी इतकी लहान की सांगता येईना. चौथी नर. रोग नव्हता कोणातच; पण मामाने ज्यांना अंडी नाहीत त्या काढल्या होत्या, त्यामुळे बादलीत नरांचीच भरती होती. एकही मादी नसती, तर हे एकोणीस म्हणजे निळ्या रंगाचा वृद्धाश्रम. पाचवी नर. सहावी, सातवी. आठवीपाशी ती थबकली. रुंद पोट, खाली झुकलेलं. मानेमागे कवचाच्या आत फिकट पिवळट डाग. अंडी अजून आतच तयार होत होती.

"मादी," ती म्हणाली.

"रोग आहे का तो डाग?" मामाने विचारलं. तक्त्यात अकरावं कलम याच डागाचं होतं: 'निरोगी मादीचे लक्षण'.

पुढच्या अकरांत आणखी दोन निघाल्या. तीन माद्या. भाची तिथेच फरशीवर बसून राहिली आणि हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. हात पालकाचा होता.

मामाचा चेहरा मात्र हळूहळू भरत आला. "म्हणजे," तो म्हणाला, "विलगीकरण मी वेळेवर केलं होतं."

"केलंत ना," बायको म्हणाली. "आणि एकोणिसाव्याला थांबलात. आयुष्यात एकदा चुकून बरोबर काम करत होतात, तर नेमकी पाठ आडवी आली."

भाचीने बरणी पदराखाली धरल्यासारखी ओढणीत गुंडाळली, मामीला नमस्कार केला आणि सलूनच्या मागच्या खोलीत जाऊन ती नवीन टाकीत रिकामी केली. मिठाच्या पाण्यातल्यांना तिने दहा दिवस रोज येऊन पाहिलं. मग यायची बंद झाली.

बरणी गेली त्याच दिवशी संध्याकाळी गटात निवेदन आलं: 'एका दुर्मिळ संसर्गाचे वेळीच निदान करून व बाधित नगांपासून निरोगी नग तातडीने विलग करून मौल्यवान वंश वाचवण्यात यश आले आहे. वाचवलेले नग: एकोणीस. सविस्तर मार्गदर्शन तक्त्यात पंधराव्या कलमाद्वारे लवकरच. मानद आरोग्य सल्लागार.' एक्केचाळीस जणांनी अंगठा वर केला. दोघांनी पंधरावं कलम आगाऊ मागितलं.

टाकीत एकशे सदतीस होत्या. त्या सगळ्या मेल्या.